तडकलेल्या ग्वाम्पाने राखलेलं उत्तर

मित्रांनो, माझा जन्म एका बैलाच्या डोक्यावर झाला. हसू नका. कोणी खाणीतून येतं, कोणी कुंभाराच्या चाकावरून येतं, मी बैलाच्या डाव्या कानाशेजारून आलो. पाराग्वायातल्या कोर्दियेरा भागात तो बैल उसाच्या गाड्या ओढायचा. म्हातारा होऊन मेला, तेव्हा एपिफानियो नावाच्या कारागिराने मला उकळत्या पाण्यात घातलं, राखेने घासलं, बुडाला लाकडाचा तळ बसवला आणि तोंडाला पांढऱ्या धातूची कड लावली. शेवटी सुरीच्या टोकाने माझ्या पोटावर काटेरी ताडाचं एक झाड कोरलं. ते जरा वाकडं झालं, पण मला आवडतं. असा मी ग्वाम्पा झालो, म्हणजे तेरेरे पिण्याचा शिंगाचा पेला.

माझ्यात येर्बाचा सुका पाला भरतात, धातूची नळी खोचतात आणि वरून बर्फाचं पाणी ओततात. एक जण ओततो, दुसरा ओढून रिकामा करतो, परत देतो, मग तिसऱ्याची पाळी. पेला एक, नळी एक. उष्ट्याचा विटाळ आमच्याकडे कोणी मानत नाही. मात्र पहिल्यांदा ओतलेलं पाणी कोणी तोंडाला लावत नाही. ते सांतो तोमासचं. संत येऊन ते पितो म्हणतात, आणि खरोखर बघता बघता पाणी नाहीसं होतं. पाला शोषून घेतो, असं शहाणी माणसं सांगतात. मी आयुष्यभर आतून बघत आलोय, तरी मला छातीठोक सांगता येणार नाही.

मला विकत घेतलं न्या सेफेरिनाने. न्या हा आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईचा मान. तेव्हा ती काही एवढी वडीलधारी नव्हती, पण आवाज असा खणखणीत की पहिल्या दिवसापासून सगळे तिला न्याच म्हणायचे. तिचं काम ऐकाल तर नवल वाटेल. राजधानीतल्या, म्हणजे आसुन्सिओनमधल्या, एका कचेरीसाठी ती दारोदार फिरून लोकांना विचारायची, तुम्ही बिस्किटं कोणती घेता, तेल कोणतं वापरता आणि तेच का. कारखानदारांना हे कळावं म्हणून ते कचेरीला पैसे द्यायचे. माणसाच्या मनातलं काढायला माणूस पाठवतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

फाटकाशी उभं राहून ती टाळ्या वाजवायची. दार ठोठावायची आमच्याकडे रीत नाही. घरची बाई बाहेर आली की न्या सेफेरिना प्रश्न विचारायची नाही. आंब्याखाली बसायची, मला पिशवीतून काढायची, आणि उन्हाबद्दल, कोंबड्यांबद्दल, शेजारणीच्या सुनेबद्दल बोलत राहायची. कचेरीतला साहेब वैतागायचा.

"सेफेरिना, तुला प्रश्न विचारायला पाठवतो मी. गावाला पाणी पाजत फिरायला नाही."

"साहेब, कोरड्या घशातून फक्त 'हो' निघतं," ती म्हणायची. "तुम्हाला हो हवं असेल तर पोपट पाळा. स्वस्त पडेल."

तिचा एक नियम होता. पहिलं पाणी जसं सांतो तोमासचं, तसं पहिलं उत्तरही त्याचंच. ते पाहुण्याला द्यायचं उत्तर असतं, ते संताला जाऊ द्यायचं आणि थांबायचं. एकदा एका विधवा बाईने सांगितलं, "मी मोठ्या डब्यातलीच बिस्किटं घेते, फार खुसखुशीत असतात." न्या सेफेरिनाने मान डोलावली आणि पाणी ओतलं. बाईने ओढलं. पुन्हा ओतलं. तिसऱ्या खेपेला बाई माझ्याकडे बघत म्हणाली, "खरं सांगू? डबा हवा असतो मला. नवऱ्याच्या सदऱ्यांची बटणं ठेवते त्यात. बिस्किटं कुत्रा खातो." आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी थक्क झालो. बिस्किटाच्या प्रश्नातून ही बाई कुठे जाऊन पोचली होती. खरं उत्तर यायच्या आधी माणूस क्षणभर गप्प होतो, नळी ओठांत तशीच राहते, आणि माझ्या आतलं पाणीसुद्धा हलत नाही. तेवढ्या क्षणासाठी मी जन्मलो असं मला वाटायचं.

त्या दिवसांत माझी फार मिजास होती. न्या सेफेरिना मला दर रविवारी चरबी चोळायची आणि म्हणायची, अर्धं काम हाच करतो. मी ते खरं मानून बसलो.

मग फोन आले. कचेरीत पोरी कानाला तारा लावून बसू लागल्या. न्या सेफेरिना पंधरवड्यात जेवढी घरं करायची, तेवढी त्या एका सकाळी करत. तुम्हाला वाटेल मी आता फोनला शिव्या घालणार. नाही घालणार. पार चाको रानातला माणूस जागेवरून न हलता राजधानीशी बोलत होता, ही काय लहान गोष्ट झाली? आणि दुसरं म्हणजे, टक्कल पडू नये म्हणून डोक्याला काय चोपडता, हे माझ्यासमोर एकाही पुरुषाने कधी कबूल केलं नव्हतं. तेच लोक फोनवर भडाभडा सांगायचे. समोर तोंड नसलं की काही गोष्टी सोप्या होतात. मला हे कळायला हवं होतं, पण रुसलेल्याला काही कळत नाही.

न्या सेफेरिना गावी परतली. मी तिच्या घरातल्या कपाटावर गेलो. कोणीतरी माझ्यात पेन्सिली ठेवल्या, मग त्याही काढल्या. शिंगाला ओल लागते, तेल लागतं, हात लागतो. यातलं काहीच मिळालं नाही आणि एका उन्हाळ्यात मला कडेपासून पोटापर्यंत तडा गेला. आवाज बारीकसाच झाला. घरात कोणाला तो ऐकू आला नाही.

आता खरी गोष्ट ऐका. गावात बायकांचा साबणाचा कारखाना होता. म्बोकाया नावाच्या काटेरी ताडाच्या फळांचं तेल काढायचं, कॉस्टिक सोडा घालून मोठ्या कढईत उकळायचं आणि पिवळ्या वड्या पाडायच्या. कारखान्याची मुख्य होती न्या पोर्फिरिया, सेफेरिनाची थोरली बहीण. कॉस्टिकने तिचे हात तळव्यापासून मनगटापर्यंत भाजलेले होते आणि ती ते झाकायची नाही. त्या साबणाला एक उग्र वास होता, तेलाचा, धुराचा. न्या पोर्फिरिया म्हणायची, "हा आपल्या गावाचा वास आहे. ज्याला नको त्याने नाक कापून टाकावं."

वड्या खपेनाशा झाल्या होत्या. का ते कोणी सांगत नव्हतं. बायकांकडे एकच बदल करण्याइतकी पुंजी उरली होती. तो चुकला तर कढईखालची चूल विझणार होती, आणि चूल विझली की उरलेल्या पोरीही धुणीभांडी करायला सीमेपलीकडे बोयनोस आयरेसला जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. न्या पोर्फिरियाची लेक लिदुविना आधीच आसुन्सिओनला एका घरी कामाला होती. आई तिला दर महिन्याला आठवणीने वड्या पाठवायची.

तेव्हा कारखान्याने कचेरीला पाहणी करायला सांगितलं. काम आलं निदिया नावाच्या तरुण मुलीकडे. तिने आधी वड्यांबरोबर प्रश्नांचे कागद पाठवले. त्या कागदांत गावोगावच्या बायकांनी चिपा बांधली. चिपा म्हणजे आमची चीजची भाकरी, गरम असते, कागद लागतोच. मग तिने फोन केले. सगळे म्हणाले, गुलाबी रंगाचा सुवासिक साबण काढा, आम्ही नक्की घेऊ. सगळे म्हणजे सगळे.

इथे निदियाचं मला कौतुक वाटतं. दुसरी असती तर उत्तर कळवून मोकळी झाली असती. ही बस पकडून गावात आली आणि न्या सेफेरिनाच्या अंगणात उभी राहून टाळ्या वाजवू लागली.

"न्या सेफेरिना, मला काहीतरी खटकतंय," ती म्हणाली. "सगळेच हो म्हणतात, म्हणजे कोणीच काही म्हणत नाहीये."

"फोन उचलले कोणी?"

"बहुतेक पुरुषांनी."

न्या सेफेरिना इतकी हसली की तिला खांबाला धरावं लागलं. "अगं पोरी, फोन नवऱ्याच्या खिशात असतो. ज्याने जन्मात स्वतःचा सदरा भिजवला नाही, त्याला तू साबणाचं विचारलंस? आणि राजधानीतून एवढी गोड मुलगी विचारतेय म्हटल्यावर तो नाही कशाला म्हणेल? गुलाबी काय, त्याने निळा हत्तीसुद्धा घेतला असता."

"मग तुमच्या पद्धतीने विचारू या," निदिया म्हणाली. "बसवा बायकांना. तेरेरे फिरवा."

मला कपाटावरून खाली काढलं तेव्हा मी आनंदाने वेडा झालो. आता दाखवतो यांना, असं म्हणालो. न्या सेफेरिनाने पाला भरला, पाणी ओतलं, आणि ते सगळं तड्यातून गळून न्या पोर्फिरियाच्या झग्यावर पडलं.

"तुझ्यासारखाच झालाय हा," न्या पोर्फिरिया बहिणीला म्हणाली. "तोंड मोठं आणि पोटात काही राहत नाही."

"अक्का, तुझ्या पोटात मात्र सगळं राहतं हं. दिसतंच आहे."

बायका हसल्या आणि मला खिडकीत ठेवून दिलं. न्या पोर्फिरियाने घरून आपला नवा स्टीलचा ग्वाम्पा आणला. आता ज्याचा पेला, ओतणारा तोच, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे पाणी ओतायला बसली न्या पोर्फिरिया.

मी खिडकीतून बघत होतो. आजूबाजूच्या चार गावांच्या बायका आंब्याखाली गोल करून बसल्या होत्या. न्या पोर्फिरिया भाजलेल्या हाताने पेला पुढे करायची, बाई दोन्ही हातांनी घ्यायची, ओढायची आणि म्हणायची, आमच्याकडे बाई तुमचाच साबण, दुसरा घरात येऊ देत नाही मी. पुढची म्हणायची, वास तर असा की देवळात गेल्यासारखं वाटतं. एक फेरी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मी वाट बघत होतो त्या गप्प क्षणाची. तो आलाच नाही. ज्या हाताने पाणी दिलं, त्याच हाताने साबण केला होता. त्या हातांकडे बघून कोण नाही म्हणणार? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण तोंडं उघडतो म्हणून मी मिरवत आलो होतो, आणि हीच माझी जात आज ती तोंडं गोड बोलून बंद करत होती.

बायका गेल्यावर निदिया खिडकीशी येऊन बसली. न्या पोर्फिरिया खुशीत कारखान्याकडे गेली होती.

"फोनवर लोक माझ्याशी चांगलं वागले," निदिया म्हणाली. "इथे एकमेकींशी चांगलं वागल्या. कोणाशीच चांगलं वागावं लागणार नाही अशी जागा कुठे आहे का?"

"स्मशान," न्या सेफेरिना म्हणाली. मग तिचं हसू गेलं. "माझ्या स्वयंपाकघरात कोणी नसतं. पडदा ओढला की बाहेरून दिसत नाही."

दोघी उजाडेपर्यंत नाही, पण जेवण गार होईपर्यंत बोलत राहिल्या. कागद नको, अर्ध्या बायकांना लिहायचा कंटाळा आणि अक्षर ओळखू येतं. हात वर करणं नको. शेवटी ठरलं की प्रत्येकीला एक पांढरा मक्याचा दाणा आणि एक काळा घेवडा द्यायचा. एकटीने आत जायचं, एक दाणा उत्तराच्या भांड्यात टाकायचा, उरलेला झाकणाच्या मातीच्या घड्यात. भांडं अरुंद तोंडाचं, उंच, आतलं न दिसणारं हवं.

न्या सेफेरिनाने माझ्याकडे बघितलं. "हा," ती म्हणाली. "पाणी नाही धरत. दाणे धरेल."

निदियाला विचारायचं होतं, साबणाचा वास आवडतो का. न्या सेफेरिनाने मान हलवली. "असं विचारलंस तर अंधारातसुद्धा मकाच पडेल. सवय असते गं. लेकीचं विचार. लेकीबद्दल बाई खोटं बोलत नाही." मग निदियाने प्रश्न घडवला. लेकीला शहरात पाठवताना तिच्या कपड्यांना हा वास असावा असं वाटतं का? वाटत असेल तर मका, नसेल तर घेवडा. मला तो प्रश्न ऐकून शहारा आला. इतकी वर्षं मी प्रश्न ऐकत आलो, पण प्रश्न असा सुतारकामासारखा तासताना कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बायका परत आल्या. ओट्यावर मला पुसून ठेवलं होतं. पडदा ओढला होता. बाहेर चिपा वाटली जात होती, हसणं-खिदळणं चालू होतं. एक-एक बाई आत यायची आणि पडदा पडला की तिचं हसू थांबायचं. मित्रांनो, मी माणसांना हातावरून ओळखतो. आयुष्यभर दुसरं केलं काय? प्रत्येक हात माझ्यावर आला, थोडा थांबला, आणि दाणा पडला. मक्याचा आणि घेवड्याचा आवाज माझ्यात एकसारखाच होतो. एक बाई दाणा टाकून कितीतरी वेळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "माफ कर." कोणाला म्हणाली ते मला माहीत नाही. ज्या गप्प क्षणासाठी मी जन्मलो असं मला वाटायचं, तो त्या दुपारी पुन्हापुन्हा माझ्यासमोर येत होता, आणि एकीनेही तोंडातून शब्द काढून उत्तर दिलं नव्हतं. एवढं मोठं काही आपल्या पोटात मावतंय याची मला भीतीच वाटली.

शेवटी न्या पोर्फिरिया उठली. "मीही धुणं धुतेच की," ती म्हणाली आणि आत आली. तीही बाहेर गेली, मग मला अंगणात नेऊन पाटावर उपडं केलं.

पाट काळा झाला. मधूनमधून एखादा मका दिसत होता.

बायका जमिनीकडे बघत होत्या. सगळ्यांना वाटलं, आता वीज पडणार. तेवढ्यात मागची एक भोचक बाई म्हणाली, "पण हे टाकलं कोणी कोणी?"

"ते कोणालाच कळणार नाही," निदिया पटकन म्हणाली आणि तिने दोन्ही हातांनी दाणे एकत्र ढवळले. "मलाही नाही. म्हणून तर खरं निघालं."

न्या पोर्फिरियाने एका बोटाने घेवडे इकडेतिकडे केले. तिच्या आवाजात राग नव्हता.

"गुलाबी नको आणि अत्तरही नको," ती म्हणाली. "वास काढायचा. काढता येतो तो. आईने माझ्या लग्नाच्या कपड्यांसाठी काढला होता, मिठाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा उकळून. वेळ लागतो, लाकूड जास्त लागतं. यंत्र घ्यायची गरज नाही."

"अक्का, तुला चालेल?" न्या सेफेरिनाने विचारलं.

"मला न चालायला मी काय लंगडी आहे? चला, कढई धुवायला घ्या."

आता त्या कारखान्यातून पांढऱ्या, बिनवासाच्या वड्या निघतात आणि चूल जळते आहे. निदिया अजून फोन करते, पण आधी स्वतःला विचारते की हा प्रश्न फोनवर विचारण्यासारखा आहे का, दारात की पडद्याआड. न्या सेफेरिनाने माझ्या तड्यात मेण भरलं. पाणी मी अजून धरत नाही. दर रविवारी ती मला चरबी चोळते आणि कुजबुजते, "सांग की रे, माझी अक्का इतक्या सहज कशी कबूल झाली? तिने काय टाकलं होतं?" मी गप्प बसतो.

तुम्ही लहान आहात आणि दूर आहात, म्हणून तुम्हाला सांगतो. पडदा पडल्यावर न्या पोर्फिरिया दोन्ही दाणे तळहातावर घेऊन उभी राहिली. लिदुविना नुकतीच सुट्टीला येऊन गेली होती, तिचा एक सदरा मावशीच्या या स्वयंपाकघरात दोरीवर राहिला होता. न्या पोर्फिरियाने तो नाकाला लावला. त्याला आपल्या साबणाचा वास नव्हता. दर महिन्याला पाठवलेल्या वड्या पोरीने शहरात वापरल्याच नव्हत्या, आणि आईचं मन मोडेल म्हणून बोललीही नव्हती. न्या पोर्फिरियाने मक्याचा दाणा ओठांना लावला, जसा निरोपाला मुका घेतात तसा, आणि तो उरलेल्या दाण्यांच्या घड्यात सोडला. मग तिचा भाजलेला हात माझ्यावर आला.

मित्रांनो, विचारायच्या रीती अनेक आहेत. फोन आहे, कागद आहे, दारातली टाळी आहे, आणि माझ्यासारखं तडकलेलं शिंग आहे. प्रश्न बघून रीत निवडा. पण ज्याने तुम्हाला खरं सांगितलं, त्याला आधी जपा. आता त्या हाताचं तुम्हाला कळलं आहे. न्या सेफेरिनाने विचारलं तर सांगू नका.